४ फुटी टेबल, मिनी पीसी आणि वायरींचा गुंता: मांडणी कुठून सुरू करावी?

शाहूपुरीकर (सातारा)

नमस्कार मंडळी,

घरून काम करण्यासाठी एक टेबल लावायचं आहे. घर जुनं, खोली वरच्या मजल्यावरची, आणि पश्चिमेची भिंत पावसाळ्यात ओल धरते. खोलीत एकच बोर्ड आहे, त्यात ६ अँपिअरचे दोन सॉकेट.

सामान असं: ऑफिसमधून निघालेला एक लिटरवाला मिनी पीसी (साधारण १८ बाय १८ सेंमी, साडेतीन सेंमी जाड, आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, विंडोज ११), त्याचा ६५ वॉटचा वेगळा ॲडॉप्टर, २४ इंची मॉनिटर, ६०० व्हीएचा यूपीएस, राउटर, लेझर प्रिंटर, छोटे स्पीकर, वायरलेस कीबोर्ड-माउस. टेबल अजून झालेलं नाही. सुताराकडून ४ बाय २ फुटांचं करून घेणार आहे.

टेबल मोकळं राहावं म्हणूनच पीसी लहान घेतला. पण तात्पुरतं मांडून पाहिलं, तर डबा बसतो कोपऱ्यात आणि उरलेलं टेबल वायरीच खातात. म्हणून विचारतो:

१. पीसी मॉनिटरच्या मागे लावावा की टेबलाखाली?
२. मॉनिटर आर्मवर (टेबलाच्या कडेला क्लॅम्पने बसणारा हलता हात) घ्यायचा आहे. पीसीही मागे लावला तर स्क्रूची भोकं तीच लागतात ना?
३. यूपीएस आणि ॲडॉप्टर कुठे ठेवायचे?
४. सुताराला आधीच काय काय सांगून ठेवू?

पीसी सोडून या सगळ्यासाठी पाच-सहा हजारांपर्यंत खर्चाची तयारी आहे. आणि हो, पीसीच्या पत्र्याला हात लागला की बारीक झिणझिण्या येतात. ॲडॉप्टर जुना आहे म्हणून असेल, असं धरून चाललोय.

---

मिलीअँप (कराड)

दादा, शेवटची ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीत, पण काम तिथूनच सुरू करा. नवा ॲडॉप्टर आणला तरी त्या झिणझिण्या जाणार नाहीत. अशा ॲडॉप्टरमध्ये इंटरफेरन्स कमी करण्यासाठी छोटे कपॅसिटर बसवलेले असतात. फेज-न्यूट्रलवरून येणारी किंचित गळती त्यांनी अर्थच्या पिनेतून जमिनीत सोडायची, अशी ती रचना. सॉकेटमागे अर्थ नसेल तर ती गळती पत्र्यावर साचते आणि तुमच्या हातातून वाट काढते. करंट एक मिलीअँपिअरच्या आतला असतो, तेवढ्याने कोणी दगावत नाही. पण उद्या आत कुठे इन्शुलेशन गेलं, तर पत्र्यावर सरळ २३० व्होल्ट येतील आणि एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) पडणार नाही, कारण करंटला जायला रस्ताच नाही.

मल्टिमीटर असेल तर एसी ६०० किंवा ७५० व्होल्टच्या रेंजवर लावा. सॉकेटकडे तोंड करून बघितलं तर वरचं मोठं भोक अर्थचं, उजवं फेजचं, डावं न्यूट्रलचं. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थही जवळपास तेवढंच आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत असायला हवं. आकडे इथे टाका, मग पुढचं बोलू. मीटर वापरायची सवय नसेल तर वायरमनला बोलवा.

आता मांडणी. आधी वायरी मोजा. भिंत ते यूपीएस १. यूपीएसवरून पीसीचा ॲडॉप्टर, मॉनिटर, राउटर अशा ३. प्रिंटर आणि स्पीकरच्या पॉवरच्या २. ॲडॉप्टर ते पीसी १, मॉनिटरला चित्राची १, लॅनची १, प्रिंटरची यूएसबी १, स्पीकरची ऑडिओ १ आणि बाहेरून येणारी इंटरनेटची १. झाल्या बारा. डबा १८ सेंमीचा असो की ४० चा, या बारा तशाच राहतात. म्हणून डबा कुठे लपवायचा हे शेवटी ठरवा. बारापैकी भिंत आणि टेबल यांच्यामध्ये किती लोंबतात, ते आधी बघा.

माझ्या मते तिथे दोनच राहायला हव्यात: मेन्सची एक, इंटरनेटची एक. बाकी जे काही आहे ते टेबलालाच जोडलेलं असावं, म्हणजे झाडायला टेबल फूटभर पुढे ओढलं तरी काही सुटत नाही. त्यासाठी प्रिंटर टेबलावरून उठवा. वाय-फायवर चालत असेल तर दाराजवळच्या फडताळात ठेवा. तसाही लेझर प्रिंटर यूपीएसवर लावायचाच नाही. त्याचा हीटर पेटतो तेव्हा काही सेकंद कित्येक शे वॉट खेचतो, त्यात ६०० व्हीएचा यूपीएस ओव्हरलोड होऊन सगळंच बंद पडतं. बोर्डातला दुसरा सॉकेट त्याला द्या.

यूपीएसवरचा भार असा: पीसी नुसता चालू असताना १० ते १५ वॉट, कामात २५ ते ४०. मॉनिटर २० ते २५. राउटर १० धरा. म्हणजे ६५ च्या आसपास. ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये साधारणपणे १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-तास) एक बॅटरी असते. कागदावर ८४ वॉट-तास. पण ते ७ एएच वीस तासांत हळूहळू काढले तरचे आहेत. इथे आपण ६-७ अँपिअर एकदम ओढतो, वर यूपीएसचा स्वतःचा तोटा. हाती ३५ ते ४० वॉट-तास लागतात. नवी बॅटरी असताना अर्धा तास धरा, दोन-अडीच वर्षांनी दहा मिनिटंही धरू नका. लाइट गेल्यावर फाइल सेव्ह करून नीट बंद करायला तेवढं पुरतं. दिवसभराच्या कामासाठी घरचा इन्व्हर्टर या खोलीत फिरवून घ्या आणि त्याचा स्विच यूपीएस मोडवर ठेवा. दुसऱ्या मोडवर व्होल्टेज बरंच खाली जाईपर्यंत तो बॅटरीवर येत नाही आणि अदलाबदलीला वेळही जास्त घेतो. तेवढ्यात पीसी रिस्टार्ट होऊ शकतो.

यूपीएसच्या आउटपुटला स्पाइक गार्ड लावू नका, साधा चार सॉकेटचा बोर्ड लावा. बॅटरीवर असताना यूपीएसचा वेव्ह चौकोनीसर असतो, तो स्पाइक गार्डच्या आतल्या भागांना मानवत नाही. स्पाइक गार्ड लावायचाच तर भिंतीकडे, आणि तोही अर्थ असेल तरच. अर्थ नसताना त्याचं संरक्षण अर्धवटच राहतं.

यूपीएस चार-पाच किलोचा असतो, टेबलाखाली टांगू नका. टेबलाच्या दोन पायांमध्ये जमिनीपासून चार-पाच इंचांवर एक फळी टाकून घ्या, त्यावर ठेवा. फरशी पुसताना पाणी लागत नाही, मागे हवा राहते. बंद कप्प्यात कोंडलात तर बॅटरी लवकर जाते. लेड-ॲसिड बॅटरीला उष्णता अजिबात सोसत नाही.

---

प्लायवाला (सांगली)

सुताराला काय सांगायचं तेवढंच लिहितो. टेबल एकदा झालं की बदल महागात पडतो.

उंची. काही न सांगता सोडलं तर सुतार ३० इंच धरून मोकळा होतो. लिहायला ते चालतं, टायपिंगला नाही. कीबोर्ड कोपराच्या पातळीला हवा. साडेपाच फुटांच्या आतल्या माणसाची बसल्यावरची कोपराची उंची जमिनीपासून २६ ते २७ इंच भरते. टेबल २८ इंचांचं करा. खुर्ची इंचभर वर घेतली की जमतं, पायाखाली पाटाची गरज पडत नाही. टेबलाशी बसणाऱ्याची कोपराची उंची टेपने मोजा आणि मग सुताराला आकडा द्या.

प्लाय १८ किंवा १९ मिमीचा, बीडब्ल्यूआर (पाण्याला टिकणाऱ्या) ग्रेडचा. तुमची भिंत ओल धरते, तिथे साधा एमआर (फक्त दमटपणा सोसणारा) ग्रेड दोन-तीन पावसाळ्यांत कडेला फुगतो. पार्टिकल बोर्डाच्या वाटेला जाऊच नका. आर्मचा क्लॅम्प त्यात रुततो आणि कड दबते. ८ बाय ४ च्या शीटमध्ये ४ बाय २ चे चार तुकडे निघतात. म्हणजे अर्ध्या शीटमध्ये टेबलाचा वरचा भाग होतो, शिवाय यूपीएसची फळी आणि मागची पट्टीही. वर मायका लावणार असाल तर खालच्या बाजूलाही हलका, स्वस्तातला का होईना, मायका लावायला सांगा. एकाच बाजूला लावला की दमट हवेत फळी धनुष्यासारखी वाकते. सुतार म्हणेल, खाली कोण बघतंय. लावून घ्या.

सगळ्यात जास्त चूक होते ती मागच्या फळीत. पायांना मजबुती म्हणून सुतार मागे उभी फळी ठोकतो आणि ती अगदी मागच्या कडेला भिडवतो. मग आर्मचा क्लॅम्प बसत नाही आणि वायरी खाली उतरवायला फटच उरत नाही. ती फळी मागच्या कडेपासून ४ इंच आत घ्यायला सांगा. ताकद तेवढीच राहते. वर ती वायरींची ट्रे लावायला भक्कम जागा होते आणि समोरून सगळं झाकलं जातं. क्लॅम्पसाठी टेबलाच्या खालच्या बाजूला मागच्या कडेला किमान ३ इंच सपाट जागा मोकळी ठेवा.

टेबलाला भोक हवं का? आर्म लावणार आणि टेबल भिंतीपासून ४ इंच सोडणार असाल तर नको. सोडायला लागणारच, कारण ओल आणि आर्मचं कोपर दोन्हींना ती जागा लागते. आर्म दुमडून मॉनिटर मागे ढकलला की कोपर टेबलाच्या मागे बाहेर येतं. टेबल भिंतीला भिडलेलं असेल तर मॉनिटर तेवढा पुढेच राहतो आणि २ फुटांच्या टेबलावर तो नाकाशी येतो. तरीही भोक पाडायचं असेल तर ६० मिमीचा होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) वापरा, त्यातून आपला तीन पिनी प्लग जातो. आधी मायक्यावर कागदी टेप चिकटवा. वरून सुरू करा, मधला ड्रिल खाली निघाला की थांबा आणि उरलेलं खालून कापा. एका दमात वरून खाली गेलात तर खालच्या बाजूच्या ढलप्या उडतात.

ट्रे. ऑनलाइन मिळणाऱ्या केबल ट्रे दिसायला छान, पण इथे त्याहून स्वस्त गोष्ट आहे. कारखान्यात लावतात ती भोकांची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी पत्र्याची) केबल ट्रे. एमआयडीसीला माल देणाऱ्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते, कुपवाडला मिळते तशी साताऱ्यातही मिळेल. १५० मिमी रुंद, ५० मिमी कडेची घ्या. अख्खी लांबी अडीच मीटरची असते, तुम्हाला ९० सेंमी पुरे. दुकानदार कापून देतो का बघा. कापलेल्या कडा कानशीने घासून घ्या, नाहीतर वायरीची कातडी सोलली जाते. आतल्या फळीला दोन एल अँगल लावून ती बसवा. हवा खेळती राहते, त्यामुळे ॲडॉप्टर तिच्यात बिनधास्त ठेवता येतो.

टेबलाच्या खालून मारायचे सगळे स्क्रू अर्ध्या इंचाचे घ्या. पाऊण इंचाचा स्क्रू १९ मिमीच्या प्लायमधून थेट मायक्याला फुगवटा आणतो. आधी २ मिमीचं पायलट भोक पाडा, ड्रिलवर १० मिमीला टेपची खूण करा.

चिकटवायच्या क्लिपा टाळा. उन्हाळ्यात लावल्या तर टिकतात, जुलैत एकेक करून गळतात. सरळ जाणाऱ्या वायरींना भिंतीवर लावतात ती २५ मिमीची केसिंग-कॅपिंग पट्टी टेबलाखाली स्क्रूने बसवा. झाकण उघडून कधीही वायर बदलता येते, आणि उंदरालाही तोंड घालायला जागा नाही.

---

शाहूपुरीकर (सातारा)

दोघांचेही आभार. मागच्या फळीचं तर डोक्यातच आलं नसतं, सुताराला आजच फोन केला.

मीटर लावला. फेज-न्यूट्रल २३४. फेज-अर्थ १३८. न्यूट्रल-अर्थ ९१. दोन्ही सॉकेटना तेच. ओळखीच्या एकाने सुचवलं की बोर्डात न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून टाक, झिणझिण्या लगेच जातील. तसं करू का?

---

मिलीअँप (कराड)

अजिबात नको! झिणझिण्या जातील हे खरं, आणि म्हणूनच तो उपाय घातक आहे. घराकडे येणारा न्यूट्रल कुठे सुटला, खांबावर किंवा मीटरच्या बोर्डात, तर घरातल्या चालू उपकरणांमधून फेज त्या न्यूट्रलवर येतो. तुमच्या तुकड्यामुळे तो थेट पीसीच्या, मॉनिटरच्या आणि फ्रिजच्या पत्र्यावर जाऊन बसेल. असा तुकडा आधीपासून कुठे असेल तर तोही काढायला लावा.

तुमच्या आकड्यांवरून अर्थची वायर तुटलेली आहे किंवा बोर्डापर्यंत आलेलीच नाही. ९१ आणि १३८ हे हवेत तरंगणारे आकडे आहेत, बोर्डाला काय लावलंय त्यावर बदलतात. डिजिटल मीटर करंट जवळजवळ घेतच नाही, म्हणून त्याला असले आकडे दिसतात. वायरमन १०० वॉटचा टेस्ट दिवा फेज आणि अर्थमध्ये लावून बघेल. खरा अर्थ असेल तर दिवा पूर्ण पेटतो, नसेल तर पेटत नाही. आरसीसीबी (गळती दिसली की वीज तोडणारा स्विच) असेल तर ती पडेल, पण त्यावरून अर्थला रस्ता आहे एवढंच कळतं, तो चांगला आहे हे नाही.

मीटरजवळच्या अर्थिंगपासून या बोर्डापर्यंत हिरवी तांब्याची वायर ओढून घ्या, २.५ स्क्वेअर मिमीची. जुन्या घरात अर्थिंगच गंजलेली निघाली तर नवी करावी लागेल. नेहमीची पद्धत म्हणजे ४० मिमीचा, अडीच मीटर लांबीचा जीआय पाइप जमिनीत. हे वायरमनचं काम, स्वतः करू नका. त्याच फेरीत ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या. खर्च टेबलाच्या बजेटबाहेर जाईल, पण हा खर्च घराचा आहे, टेबलाचा नाही.

---

कृष्णाकाठ (सांगली)

यूपीएस जमिनीपासून वर ठेवा, हे मिलीअँप यांचं म्हणणं सांगलीत कोणाला पटवून द्यावं लागत नाही. २०१९ आणि २०२१ चे पूर इथल्या तळमजल्यांनी बघितले आहेत. तुमची खोली वरच्या मजल्यावर आहे, तुम्हाला फरशीच्या पोछ्यापुरतंच सांभाळायचं आहे.

पहिल्या दोन प्रश्नांबद्दल. मॉनिटरच्या मागे आर्मही आणि पीसीही, हे जमतं. मागची चार भोकं ७५ बाय ७५ किंवा १०० बाय १०० मिमीवर असतात, स्क्रू एम४. आर्मची प्लेट आणि मॉनिटर यांच्यामध्ये एक पत्रा घ्यायचा, जो बाजूला किंवा खाली लांब आलेला असतो, आणि पीसी त्या लांब भागावर बसवायचा. बाजारात तयार मिळतो. फॅब्रिकेटरकडून करून घ्यायचा तर २ मिमी जाडीचा पत्रा पुरे. स्क्रूची लांबी मात्र नीट बघा. मॉनिटरबरोबर १० मिमीचे स्क्रू आले असतील तर मध्ये २ मिमीचा पत्रा आल्यावर १२ मिमीचे लागतात, त्याहून लांब नाही. २० मिमीचे हाताशी आहेत म्हणून आवळले तर ते आत पॅनलपर्यंत जातात.

पण तुमच्यासाठी मी मागे लावा असं म्हणणार नाही. आर्मवरचा मॉनिटर पुढेमागे हलतो. पीसी त्याच्या पाठीवर असला की ॲडॉप्टरची वायर, लॅन आणि मॉनिटरची पॉवर अशा तीन वायरी आर्मबरोबर रोज वाकतात. ॲडॉप्टरची पिन त्यातली सगळ्यात नाजूक. उलट पीसी टेबलाखाली असेल तर आर्मवरून दोनच वायरी जातात, एक पॉवरची आणि एक चित्राची. मॉनिटर उभ्या स्टँडवरच ठेवणार असता तर मी उलट सांगितलं असतं. तिथे पाठीवरचा पीसी झकास दिसतो.

टेबलाखाली लावताना तो ट्रेमध्ये टाकू नका. आतल्या फळीच्या पुढच्या बाजूला, उजव्या हाताला, स्वतंत्र पट्टीवर उभा बसवा. बटण पुढे यावं आणि हात घातला की सापडावं. या डब्यांमध्ये साधारणपणे हवा पुढून आत जाते आणि मागून गरम होऊन बाहेर पडते. दोन्ही टोकांना १० सेंमी मोकळे हवेत. मागून निघणारी गरम हवा ॲडॉप्टरवर किंवा यूपीएसवर जात नाही ना, ते बघा. सांगलीत एप्रिल-मे मध्ये खोलीच चाळिशीला टेकते, तेव्हा हा फरक पंख्याच्या आवाजावरून कळतो. उन्हाळ्यात प्रोसेसर सारखा ९० अंशांच्या वर जायला लागला तर आत धूळ बसली आहे किंवा प्रोसेसरवरची उष्णता वाहणारी पेस्ट सुकली आहे असं समजा. वर्षातून दोनदा ब्लोअर मारा, पण पंख्याचं पातं काडीने अडवून. ब्लोअरच्या जोराने पंखा भरधाव फिरला तर बेअरिंग जातं.

पंख्यासमोर स्पंज किंवा जाड जाळी लावण्याचा मोह होतो. लहान पंख्याला तेवढी ताकद नसते, धूळ थांबते आणि हवाही थांबते. मुंग्या आणि पालींसाठी बारीक प्लास्टिकची मच्छरदाणी जाळी चालेल, महिन्याला झटकायची तयारी असेल तर.

आता एक गोष्ट, जी मांडणी झाल्यावर डोकं खाते. पीसी टेबलाखाली गेला, मागच्या यूएसबीला वायरलेस माउसचा रिसीव्हर लावला, शेजारी पेन ड्राइव्ह किंवा एक्स्टर्नल हार्ड डिस्क, आणि माउस अडखळायला लागतो. लोक माउस बदलतात. माउस ठीकच असतो. यूएसबी ३ च्या पोर्टमधून आणि वायरीतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट निघतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर टिपण काढलं होतं. त्यात मध्ये जीआय ट्रेचा पत्रा. उपाय स्वस्त आहे: अर्ध्या मीटरची यूएसबी २ ची एक्स्टेंशन वायर घ्या आणि रिसीव्हर टेबलाच्या पुढच्या कडेखाली आणून लावा. राउटरही ट्रेमध्ये कोंबू नका. तो टेबलाच्या वर किंवा बाजूच्या पायाला उंच लावा. पीसीला लॅनची वायर द्या, वाय-फायवर सोडू नका.

चित्राच्या वायरीबद्दल: पीसीवर डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरवर फक्त एचडीएमआय असेल तर डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय साधी वायर चालते. उलट दिशेने ती चालत नाही, तिथे पॉवर घेणारा कन्व्हर्टर लागतो. लांबी दोन मीटर घ्या. आर्म पूर्ण पुढे आणि पूर्ण वर ओढून बघा, सगळ्यात लांबच्या जागी वायर सैल राहिली पाहिजे, मगच वेल्क्रो पट्ट्या बांधा. प्लास्टिकचे केबल टाय करकचून आवळू नका, आणि ॲडॉप्टरभोवती त्याचीच वायर गुंडाळून गठ्ठा तर नकोच. पहिल्यांदा तुटते ती तिथेच.

ॲडॉप्टर कधी बदलावा लागला तर व्होल्टेज आणि पिन तर जुळायला हवंच, वॉटही कमी नको. काही कंपन्यांचे पीसी, डेलचे तर नक्कीच, ॲडॉप्टर ओळखतात. ओळख पटली नाही तर स्क्रीनवर इशारा देतात आणि प्रोसेसर संथ करतात. लोकांना वाटतं व्हायरस आला.

---

गोडोली_कट्टा

यात शिरतोय, माफ करा. हीच मांडणी २०२४ च्या मॅक मिनीला चालेल का? टेबलाखाली उलटा लटकवायचा विचार आहे.

---

कृष्णाकाठ (सांगली)

तो १२.७ सेंमी चौरस आणि ५ सेंमी उंच, वजन पाऊण किलोच्या आत, आणि पॉवर सप्लाय आतच, म्हणजे ॲडॉप्टरची भानगडच नाही. त्या बाबतीत तुमचं काम सोपं. मात्र त्याची हवा आत-बाहेर खालच्या बाजूनेच होते आणि चालू करायचं बटणही खालीच, मागच्या कोपऱ्यात. म्हणून खालची बाजू फळीला चिकटेल असं लटकवू नका. खालचा गोल मोकळा राहील असा कडेला धरणारा स्टँड घ्या. मागे स्क्रूची भोकं नाहीत, तेव्हा दुहेरी टेपवर विसंबून टेबलाखाली चिकटवायचं धाडस करू नका. त्याला जुन्या पद्धतीचं चौकोनी यूएसबी एकही नाही, कीबोर्ड-माउसचा रिसीव्हर असेल तर कन्व्हर्टर लागेल.

---

शाहूपुरीकर (सातारा)

ताजी खबर. मीटरच्या बोर्डापासून अर्थची वायर वाटेत एका जुन्या जंक्शन बॉक्समध्येच संपलेली निघाली. वायरमनने नवी हिरवी वायर टाकली, आरसीसीबी बसवली. आता न्यूट्रल-अर्थ ०.९ व्होल्ट, फेज-अर्थ २३१. झिणझिण्या बंद. टेबल आलं, २८ इंचांचं, मागची फळी ४ इंच आत. पीसी टेबलाखाली उजवीकडे लावला.

दोन गोष्टी उरल्यात. आर्मवर मॉनिटर सोडला की आपोआप वर चढतो. आणि पीसी खाली गेल्यावर बटणासाठी वाकावं लागतं. पीसी लेनोवोचा थिंकसेंटर टायनी आहे, सांगायचं राहिलं होतं.

---

प्लायवाला (सांगली)

आर्म गॅस स्प्रिंगचा असणार. त्याला कमाल वजनाबरोबर किमान वजनही असतं, खोक्यावर छापलेलं. २४ इंची मॉनिटर स्टँड काढल्यावर बहुतेक तीन-साडेतीन किलोच भरतो. आर्म त्याहून जड मॉनिटरला धरून घट्ट करून पाठवलेला असतो. आर्म आडवा, मॉनिटर लावलेला, अशा स्थितीत वरच्या सांध्यातला ॲलन स्क्रू वजाकडे, म्हणजे ढिला करायच्या दिशेला, अर्धा-अर्धा फेरा फिरवत जा. सोडल्यावर जिथल्या तिथे थांबला की झालं. मॉनिटर काढून हा स्क्रू फिरवू नका आणि मॉनिटर काढताना आर्म आधी पूर्ण वर घ्या. रिकामा आर्म झटक्यात उसळतो, हनुवटी फुटेल.

---

कृष्णाकाठ (सांगली)

टायनीच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी पीसीची सेटिंग) स्मार्ट पॉवर ऑन नावाचा पर्याय बघा. तो चालू केला की ठरावीक यूएसबी पोर्टला लावलेल्या कीबोर्डवरून ऑल्ट आणि पी दाबून पीसी चालू होतो. पोर्ट कोणता ते त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये किंवा पोर्टशेजारच्या खुणेवर मिळेल. वायरलेस कीबोर्डने जमलं नाही तर साधा वायरचा लावून बघा, बहुतेक तोच लागतो. तो पर्याय दिसला नाही तर वीज परत आल्यावर चालू हो, असा दुसरा पर्याय असतो. तो लावून ठेवला की यूपीएसचं बटण हेच पीसीचं बटण होतं. मात्र बंद करताना आधी विंडोजमधून शट डाउन, मग यूपीएस. बायोसमध्ये शिरलाच आहात तर तारीख-वेळ बरोबर आहे का तेही बघून घ्या. ऑफिसमधून निघालेल्या पीसीत आतला सीआर२०३२ चा सेल बऱ्याचदा संपलेला असतो. मग यूपीएस बंद केला की घड्याळ मागे जातं आणि हे पर्यायही पुसले जाऊ शकतात.